अत्यवस्थ जखमींचे नलिकापोषण : प्रतिकारशक्तिवर्धक आहाराचे सामर्थ्य आणि मर्यादा

रस्त्यावरील भीषण अपघातातून वाचलेल्या माणसावर दुसरे संकट काही दिवसांनी येते. पहिले संकट रक्तस्रावाचे, कोंडलेल्या श्वासाचे आणि मेंदूला बसलेल्या माराचे असते. त्याचा निकाल मिनिटांत वा तासांत लागतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह ही सारी यंत्रणा त्या संकटासाठी उभी आहे. दुसरे संकट मात्र शांतपणे येते. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते, नातेवाईकांना हायसे वाटलेले असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढतो. फुप्फुसात न्यूमोनिया होतो, जखमेत वा रक्तात जंतू शिरतात आणि एकेक इंद्रिय थकू लागते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींपैकी जे अतिदक्षता विभागात पोहोचतात, त्यांच्या बाबतीत औषधांइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न उभा राहतो. बेशुद्ध, श्वसनयंत्रावर असलेल्या माणसाला अन्न कोणते, कोणत्या मार्गाने आणि केव्हा द्यावयाचे?

गेल्या चार दशकांत या प्रश्नाभोवती वैद्यकशास्त्रात मोठे संशोधन झाले. त्यातूनच ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ नलिकाआहाराची कल्पना पुढे आली. तिच्याविषयी प्रारंभी फार मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. त्यांपैकी काही खऱ्या ठरल्या, काही खोट्या ठरल्या, तर काही ठिकाणी हा आहार अपायकारकही ठरला. आज औषधांच्या दुकानांतून ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द छापलेले डबे सर्रास विकले जातात. जखमीचे नातेवाईक कर्ज काढून ते विकत घेतात. त्यामुळे हा विषय केवळ डॉक्टरांपुरता राहिलेला नाही.

इजेनंतरची ओहोटी आणि भरती

मोठ्या इजेनंतर शरीराचा कारभार कसा बदलतो, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन या वैद्यकाने केला. पायाचे हाड मोडून रुग्णालयात पडून असलेल्या रुग्णांच्या लघवीतील नायट्रोजन त्यांनी मोजला, तेव्हा तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघाला. १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा होता, की हाड एका ठिकाणी मोडले तरी स्नायू साऱ्या शरीराचे झिजतात. १९४२ साली त्यांनी इजेनंतरच्या काळाचे दोन भाग कल्पिले आणि त्यांना ओहोटी व भरती अशी नावे दिली. ओहोटीच्या पहिल्या काही तासांत शरीर थंडावते, रक्तदाब उतरतो, सारे व्यवहार मंदावतात. त्यानंतर भरती येते. हृदयाचे ठोके वाढतात, शरीराची उष्णता वाढते आणि शरीर आपलेच स्नायू मोडून त्यांतील प्रथिने जखम भरण्यासाठी व जंतूंशी लढण्यासाठी खर्च करू लागते.

हा खर्च किती मोठा असतो, ते साध्या हिशेबावरून कळते. लघवीवाटे गेलेला एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिने, म्हणजेच जवळजवळ तीस ग्रॅम मांस. गंभीर जखमीच्या शरीरातून दिवसाला पंधरा ते वीस ग्रॅम नायट्रोजन जाऊ शकतो. म्हणजे तो रोज अर्ध्या किलोच्या आसपास मांस गमावीत असतो. लंडनमध्ये निरनिराळ्या आजारांच्या अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. श्वासाचे स्नायूही याच रीतीने दुबळे होतात. मग खोकून कफ बाहेर टाकण्याचीही शक्ती राहात नाही आणि न्यूमोनियाला वाट मोकळी होते.

अन्न न मिळालेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अधिक दगावतो, हे १९३६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील हायरम स्टडली यांनी दाखवून दिले होते. जठरव्रणाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन वीस टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्के होते. इतरांमध्ये ते साडेतीन टक्के होते.

नळीचा इतिहास

न गिळता येणाऱ्या रुग्णाच्या पोटात नळीने अन्न पोहोचविण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधील विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७९० च्या सुमारास घशाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला ईल माशाच्या कातड्याच्या नळीतून अन्न व औषध दिले आणि तो रुग्ण बरा झाला. पण ही युक्ती रुळण्यास फार काळ गेला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ते एकोणऐंशी दिवस जिवंत होते. त्या काळात त्यांना गुदद्वारावाटे मांसरस आणि मद्य देऊन जगविण्याचा प्रयत्न डॉक्टरांनी केला. मोठे आतडे अन्न पचवीत नाही, ही गोष्ट आज शालेय पुस्तकातही सापडते. गारफील्ड खंगत गेले आणि १९ सप्टेंबर रोजी मरण पावले. अस्वच्छ हातांनी जखम चाचपल्यामुळे जडलेला जंतुसंसर्ग आणि उपासमार या दोहोंची ती परिणती होती. देशाचा सर्वोच्च नागरिकही त्या काळच्या अपुऱ्या ज्ञानातून सुटू शकला नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम कुत्र्याच्या पिलांना व नंतर रुग्णांना केवळ मोठ्या शिरेतून सर्व पोषण देऊन वाढविता येते, हे सिद्ध केले. आतडे निकामी झालेल्या असंख्य रुग्णांना त्यामुळे जीवदान मिळाले. परंतु सोय झाली म्हणजे तिचा अतिरेकही होतो. पुढील पंधरा-वीस वर्षांत, ज्यांचे आतडे ठणठणीत आहे अशा जखमींनाही शिरेतून पोषण देण्याची प्रथा पडली.

आतड्याचे दुहेरी काम

आतडे हे केवळ पचनाचे इंद्रिय नव्हे. त्याच्या अस्तरात व आसपास शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा साठा असतो. तेथे तयार झालेल्या पेशी रक्तावाटे फुप्फुस व श्वासमार्गाच्या अस्तरापर्यंत जातात आणि तेथे संरक्षक प्रतिद्रव्ये तयार करतात. आतड्यात अन्न आले नाही तर अस्तर पातळ होते, या पेशींची संख्या घटते आणि त्याचा परिणाम दूरच्या फुप्फुसावरही होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

माणसांवरील महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील टेनेसी राज्यातील मेम्फिस येथून आला. केनेथ कुड्स्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाला गंभीर इजा झालेल्या ९८ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटास लहान आतड्यात सोडलेल्या नळीतून अन्न दिले, दुसऱ्यास शिरेतून. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नळीतून अन्न मिळालेल्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर शिरेतून मिळालेल्यांमध्ये ३१ टक्के होते. अधिक गंभीर जखमींमध्ये हा फरक विशेष ठळक होता. आतडे चालत असेल तर त्याचाच उपयोग करावा, हा नियम तेव्हापासून अतिदक्षता विभागांत रूढ झाला.

येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. शिरेतील पोषणाची पद्धत पुढे बरीच सुधारली. साखरेचे प्रमाण आवरले गेले, नळ्यांची स्वच्छता वाढली. इंग्लंडमध्ये सुमारे २,४०० अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही मार्गांनी पोषण मिळालेल्यांच्या मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. तथापि आतड्याचा मार्ग स्वस्त आहे, साध्या साधनांनी साधतो आणि जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातला आहे. आपल्याकडे एवढे कारणही पुरेसे आहे.

चार घटक

नळीतून अन्न द्यावयाचेच आहे, तर त्यात संरक्षक पेशींना विशेष बळ देणारे पदार्थ का मिसळू नयेत, या विचारातून प्रतिकारशक्तिवर्धक आहार जन्मास आला. त्यात प्रामुख्याने चार घटक असतात.

ग्लुटामीन हे त्यांतील सर्वाधिक चर्चिले गेलेले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी हे एक. निरोगी शरीर ते स्वतः तयार करते व स्नायूंत साठविते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आणि झपाट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याचा इंधनासारखा उपयोग करतात. मोठ्या इजेनंतर मागणी इतकी वाढते, की साठा अपुरा पडतो. आर्जिनीन हे दुसरे अमिनो आम्ल. ते पांढऱ्या पेशींच्या कार्यास व जखम भरण्यास लागते. त्यापासूनच शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात. इजेनंतर शरीरात आर्जिनीनचे विघटन वाढते व त्याची चणचण भासते. तिसरा घटक म्हणजे माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले, जी दाहाची तीव्रता कमी करतात. चौथा न्यूक्लिओटाइड, म्हणजे नव्या पेशींच्या केंद्रकाची घटकद्रव्ये.

आशा, आणि मग धक्का

पहिल्या चाचण्यांचे निकाल डोळे दिपविणारे होते. कुड्स्क यांच्याच गटाने १९९६ मध्ये पस्तीस गंभीर जखमींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही आहारांत नायट्रोजन सारखाच ठेवला होता, फरक होता तो विशेष घटकांचा. मोठ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण विशेष आहार मिळालेल्यांत ६ टक्के, तर साध्या आहाराच्या गटात ४१ टक्के आढळले. १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील साठ रुग्णांच्या अभ्यासात केवळ ग्लुटामीनयुक्त नलिकाआहार तपासला गेला. त्यात न्यूमोनिया ४५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला आणि रक्तातील जंतुसंसर्ग ४२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

हे आकडे खरे होते, पण रुग्ण थोडे होते. लहान चाचणीतला मोठा फायदा मोठ्या चाचणीत टिकतोच असे नाही. शिवाय या यशानंतर जखमींसाठी तयार झालेला आहार सर्वच अत्यवस्थ रुग्णांना देण्याचा मोह झाला, आणि धोका तेथेच होता. अपघातापूर्वी निरोगी असलेला तरुण जखमी आणि जंतुसंसर्गाने आधीच खचलेला वृद्ध रुग्ण यांची शरीरे एकाच अवस्थेत नसतात.

इटलीतील एका चाचणीचा अंतरिम आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील तीव्र जंतुदोषाच्या रुग्णांमध्ये विशेष नलिकाआहार मिळालेल्या १८ पैकी ८ दगावले, तर शिरेतून साधे पोषण मिळालेल्या २१ पैकी ३. संख्या लहान होती आणि दोन्ही गटांतील पोषणाचा मार्गही वेगळा होता. तरीही त्या रुग्णांपुरती चाचणी थांबवावी लागली. आर्जिनीनमुळे वाढणारे नायट्रिक ऑक्साइड आधीच उतरलेला रक्तदाब आणखी उतरवीत असावे, अशी शंका घेतली गेली.

खरा धक्का २०१३ मध्ये बसला. कॅनडा, अमेरिका व युरोपातील चाळीस अतिदक्षता विभागांतील १,२२३ रुग्णांवर ग्लुटामीनची चाचणी झाली. हे रुग्ण श्वसनयंत्रावर होते व त्यांची दोन वा अधिक इंद्रिये निकामी होत होती. ग्लुटामीन शिरेतून व नळीतून अशा दोन्ही मार्गांनी मोठ्या मात्रेत दिले गेले. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू ग्लुटामीन गटात ३२.४ टक्के, तर इतरांत २७.२ टक्के होते. सहा महिन्यांनंतरही ग्लुटामीन घेतलेल्यांतच मृत्यू अधिक होते. ज्यांच्या शरीरात ग्लुटामीनची उणीव होतीच, असे मानले गेले, त्यांपैकी अनेकांच्या रक्तात ती नव्हती, हेही पुढे उघड झाले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ३०१ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत विशेष आहारामुळे जंतुसंसर्ग कमी झाला नाही. शस्त्रक्रिया वा इजा नसलेल्या, औषधोपचारावरील रुग्णांच्या उपगटात तर सहा महिन्यांतील मृत्यू वाढलेले दिसले. होरपळलेल्या रुग्णांविषयीची आशा अधिक काळ टिकली, परंतु २०२२ मध्ये चौदा देशांतील बाराशे भाजलेल्या रुग्णांच्या चाचणीतही ग्लुटामीनचा लाभ दिसला नाही.

मग शिल्लक काय राहिले? २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी गंभीर जखमी व मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी आर्जिनीन व माशाचे तेल असलेल्या आहाराचा विचार करावा, असे म्हटले. तीव्र जंतुदोषात तो सरसकट देऊ नये, असेही बजावले. २०१९ च्या युरोपीय सूचनांनी गंभीर जखमींना पहिले पाच दिवस नळीतून ग्लुटामीन देण्यास वाव ठेवला आणि इतर बहुतेक अत्यवस्थ रुग्णांसाठी ते नाकारले. म्हणजे ज्या अपघातग्रस्तासाठी ही कल्पना जन्मली, त्याच्यापुरती ती मर्यादित स्वरूपात टिकून आहे. त्यातही मूत्रपिंड वा यकृत निकामी होत असेल, रक्तदाब औषधांवर टिकवून धरलेला असेल, तर तिला स्थान नाही. डब्यावरील नाव पाहून हा निर्णय करता येत नाही, तो रुग्ण पाहूनच करावा लागतो.

साध्या गोष्टींचे मोल

विशेष आहाराच्या या चर्चेत साध्या नलिकापोषणाकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची बाब आहे. महागड्या डब्यावाचून साधणारा फायदा मुळात येथेच आहे. रक्तदाब सावरल्यानंतर पहिल्या २४ ते ४८ तासांत थोड्या प्रमाणात नळीतून अन्न सुरू करणे, ही पहिली गोष्ट. रुग्ण आघातावस्थेत असताना मात्र घाई करू नये, कारण तेव्हा आतड्याला रक्तच कमी मिळत असते.

दुसरी गोष्ट नळीची जागा. नळी चुकून श्वासमार्गात गेली आणि तीत अन्न सोडले, तर ते जीवावर बेतते. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत विश्वसनीय नाही. क्ष-किरण चित्र, किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता कागदावर पाहणे, हे खात्रीचे मार्ग होत. कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची शंका असल्यास नळी नाकातून न घालता तोंडातून घालतात. अन्न देताना खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असावी. एवढ्याने अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो, आणि त्यास काहीही खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट प्रथिनांची. अत्यवस्थ जखमीस दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने देण्याची शिफारस आहे. साठ किलोच्या माणसाला ती ७२ ते १२० ग्रॅम होतात. आता रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काय शिजते ते पाहावे. वरणाचे पातळ पाणी, भाताची पेज आणि नारळपाणी नळीतून सहज उतरते, परंतु त्यात प्रथिने नगण्य असतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, लिटरभर दुधात तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पोट भरलेले दिसते आणि स्नायू झिजतच राहतात, असे पेजेवरच्या रुग्णाचे होते. आहारतज्ज्ञाने मोजून बेतलेले दूध, अंडे, डाळीचे पीठ व तेल यांचे मिश्रण यापेक्षा पुष्कळ बरे. ते बारीक वाटून गाळले नाही तर नळी तुंबते. मात्र येथेही अतिरेक नको. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराशे रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दर किलोमागे २.२ ग्रॅमपर्यंत प्रथिने देऊन अधिक लाभ झाला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना तोटाच झाला.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. वाटून केलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक, आणि भुकटी कालवून केलेले चार तासांहून अधिक टांगून ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात तर ही मुदत काटेकोरपणे पाळावयास हवी. उरलेले अन्न पुढच्या वेळेसाठी ठेवणे म्हणजे जंतूंना खाद्य पुरविणे होय.

आणखी एक धोका आपल्या ग्रामीण भागात विशेष लक्षात ठेवावा लागतो. जो आधीच अर्धपोटी आहे, ज्यास दारूचे व्यसन आहे, किंवा जो अनेक दिवस उपाशी राहिला आहे, त्याला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये हा प्रकार प्रथम मोठ्या प्रमाणावर ध्यानात आला. अशा रुग्णास थायमीन हे जीवनसत्त्व आधी देतात, अन्न हळूहळू वाढवितात आणि रक्ताची तपासणी वरचेवर करतात.

गावात आणि घरात

जखमी अतिदक्षता विभागात असताना गावातून भेटीस येणाऱ्यांचा जिव्हाळा मोठा असतो. घरून आणलेला काढा, फळांचा रस, चहा किंवा बाजारातील शक्तिवर्धक भुकटी परिचारिकेच्या नकळत नळीतून वा तोंडातून देण्याचे प्रकार त्या जिव्हाळ्यापोटीच घडतात. अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात घातलेला चमचाभर चहासुद्धा फुप्फुसात जाऊ शकतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक वा आरोग्यसेवक सोबत असल्यास नातेवाईकांना हे समजावून सांगण्याचे काम त्यांनी करावे. त्यांचा शब्द गावात ऐकला जातो.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. अन्न नळीतून सुरू झाले आहे काय, आणि झाले नसल्यास कोणत्या कारणाने? रोज किती प्रथिने मिळत आहेत? बाहेरून विशेष डबा आणावयास सांगितला असल्यास त्यात कोणता घटक आहे, आणि या रुग्णाचे मूत्रपिंड, यकृत व रक्तदाब पाहता तो चालेल काय? असे विचारल्याने डॉक्टरांचा अधिक्षेप होत नाही. औषधाच्या दुकानदाराच्या शिफारशीवर मात्र असा डबा कधीही घेऊ नये. निरोगी माणसाला तर त्याची मुळीच गरज नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढविते’ ही अक्षरे डब्यावर छापणे सोपे आहे, ती वाढ कोणत्या रुग्णात व किती झाली हे दाखविणे किती अवघड आहे, ते वरील चाचण्यांवरून दिसून येईल.

रुग्ण घरी आल्यावर नळी निघालेली असते, पण झीज भरून निघालेली नसते. स्नायू पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात. नेमक्या याच काळात पथ्य म्हणून त्याला पेज व मऊ भातावर ठेवले जाते, आणि जखम चिघळेल या समजुतीने डाळ, अंडी, मासे वर्ज्य केले जातात. या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने मना केले नसेल, तर डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे आणि खाणाऱ्यास अंडी व मासे हे रोजच्या जेवणात असावेत. दिवसातून दोनदा भरपेट जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे अशा रुग्णास सोसते. दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात वजन करावे व ते कार्डावर लिहून ठेवावे. वजन घटत असेल किंवा गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.